एक जून, कोजागिरी आणि आमचा फोन

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले हे अध्यक्षीणबाईंचे धाडस आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. किल्लारीचा भूकंप झाला त्या १९९३ सालीच माझी शाळा सुटली, आणि त्यानंतर चारचौघींत उभे राहून बोलण्याचा प्रसंग आला तो एकदम आजच. विषय दिला आहे 'घरातील नवी साधने आणि आपण'. मिक्सर, कुकर, धुण्याचे यंत्र यांवर मी काय बोलणार? ती तुमच्याही घरी आहेत आणि माझ्यापेक्षा नव्या तऱ्हेची आहेत. मी आपल्या हातातल्या फोनबद्दल बोलेन, आणि तेही त्याच्या एकाच गुणाबद्दल. तो आपल्याला दिवस सांगतो. आज कोणाचा वाढदिवस, कोणाचे श्राद्ध, कोणते व्रत, सगळे तोच सांगतो. गेल्या वर्षी आमच्या घरी या गोष्टीवरून जे घडले ते सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी आपल्या मंडळाचेच घ्या. हा वर्धापनदिन केव्हा करायचा यावर कार्यकारिणीत केवढी वादावादी झाली, ते तुम्हाला ठाऊक आहे. नोंदणीच्या दाखल्यावर जुलैतली तारीख आहे. पण आपण पहिल्यांदा जमलो त्या रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला, २००१ साली. भूजचा भूकंप २६ जानेवारीला झाला होता, त्याला अजून आठवडाही उलटला नव्हता, आणि हळदीकुंकू करावे की नाही असाच प्रश्न पडला होता. शेवटी वाणाच्या पैशांतून भूजला चादरी पाठवायचे ठरले, आणि त्या चादरींपायी जे मंडळ उभे राहिले ते हे. मी तेव्हा नवी सून होते, कोपऱ्यात बसून चादरी मोजत होते. म्हणून मी रथसप्तमीच्या बाजूने मत दिले. नोंदणीच्या दिवशी तिघीजणी कचेरीत जाऊन सह्या करून आल्या, एवढेच झाले.

आपल्या भागातल्या बायकांचे साल-महिने पाहिलेत तर ते असेच असतात. माझ्या सासूबाईंना विचारा, लग्न केव्हा झाले? त्या सांगतील, "कोयनेच्या भूकंपाच्या आधीच्या वैशाखात." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे लग्न त्या सालच्या मे महिन्यातले. माझी शाळा किल्लारीच्या भूकंपाची, मंडळ भूजच्या भूकंपाचे. धरणी हलल्याशिवाय आमच्या घरात काही लक्षात राहत नाही असे आमचे हे म्हणतात.

बरे, फोनच्या आधी काय होते? खिळ्याला टांगलेले कॅलेंडर. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढले, आणि पंचांग ब्राह्मणाच्या पोथीतून निघून आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले. त्याआधी एकादशी केव्हा हे विचारायला कोणाच्या तरी दारात जावे लागे. आता आपणच मान वर करून पाहू लागलो. आणि नुसते पाहिले नाही, त्यावर लिहिले. आमच्या घरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आहेत, गॅसची टाकी कोणत्या दिवशी लावली ते आहे, कामवालीने किती उचल नेली ते आहे, आणि कोपऱ्यात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका आहे, जो फक्त घरातल्या बाईलाच वाचता येतो. पुरुषमाणसांना वर्षानुवर्षे तो ठिपका माशीने केलेला वाटतो. वाटू द्या. सासूबाईंच्या फडताळात डब्याखाली अंथरलेले १९७६ सालचे एक पान मी स्वतः पाहिले आहे. त्यावर एका चौकटीत फुली आहे. ती माझ्या धाकट्या नणंदेच्या जन्माची. पन्नास वर्षे त्यावर तिखटाचा डबा बसला, पण फुली पुसली नाही.

मग घराघरांत फोन आला. मी त्याला नावे ठेवणार नाही. पहाटे चारला पाणी येते तेव्हा तोच मला उठवतो, आणि उठवताना कुरकुरत नाही. पण त्याने मला दोनदा खाली मान घालायला लावली, ते सांगते.

पहिला प्रसंग तुम्हा सर्वांचाच आहे. आपल्या मंडळाच्या गटावर एके सकाळी कोणाच्या तरी फोनने सांगितले की आज अमुक काकूंचा वाढदिवस. तिने केकचे चित्र धाडले. तिच्यामागून दुसरीने फुले धाडली. बघता बघता सतरा जणींनी शुभेच्छा दिल्या, 'शतायुषी व्हा' असेही एकीने लिहिले. मीही भाजी निवडता निवडता अंगठा दाबून मोकळी झाले. आणि काकूंना जाऊन आठ महिने झाले होते! आपण सगळ्या त्यांच्या दहाव्याला गेलो होतो. मी नाव घेत नाही. संध्याकाळी त्यांच्या सुनेने गटावर एवढेच लिहिले, 'आईंना आवडले असते.' मला त्या रात्री जेवण गेले नाही. फोनला तारीख ठाऊक होती, माणूस गेलेले ठाऊक नव्हते, त्याचे मी समजू शकते. पण आम्हा सतराजणींना तर ठाऊक होते.

दुसरा प्रसंग माझा एकटीचा. माझी आई श्रावण वद्य पंचमीला गेली. श्राद्ध माझा भाऊ करतो, गावी. मी आपली त्या दिवशी गाईला घास घालते आणि एक वेळ जेवते. तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते म्हणून मी फोनमध्ये पंचांग घेतले आणि आईची तिथी घालून ठेवली. २०२२ सालच्या जुलैत एका सकाळी फोन वाजला, आज श्रावण कृष्ण पंचमी. मी लगेच भावाला फोन लावला. त्याच्याकडे काही हालचाल दिसेना, तो म्हणे रानात भांगलणीला माणसे लावली आहेत. माझा तोल गेला. "दादा, आज आईची तिथी आणि तुला भांगलण सुचते?" असे आणि त्याहून वाईट बोलले. तो बिचारा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "अगं बाई, अजून दिव्याची अवस व्हायचीय. श्रावण कुठं लागलाय?"

खरेच की! दिवे पुजले नव्हते, एकही श्रावणी सोमवार झाला नव्हता, आणि मी श्रावण वद्य पंचमी धरून बसले होते. चूक अशी झाली होती की त्या फोनमधल्या पंचांगात उत्तरेकडचे महिने लावलेले होते. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचे महिन्याचे नाव एकच असते, पण वद्य पक्षात ते आपल्या पुढे एक महिना असतात. आपल्या आषाढ वद्याला ते श्रावण कृष्ण म्हणतात. आपली गोकुळअष्टमी श्रावणात आणि त्यांची भाद्रपदात, दिवस मात्र एकच, तो याचमुळे. ज्यांनी ज्यांनी फोनमध्ये पंचांग घेतले असेल त्यांनी आज घरी जाऊन तेवढे पाहावे. माझ्यासारखे भावाला बोलून बसू नये. तो पुढच्या महिन्यात, बरोबर तिथीला, मला फोन करून म्हणाला, "आता आहे बघ पंचमी." यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागले.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या इथे समोरच बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जून १९४८. गेल्या वर्षीच्या १ जूनला, म्हणजे २०२५ साली, सकाळपासून घरच्या गटावर शुभेच्छांचा पाऊस. दीर, जावा, पुण्याची नात, सगळ्यांचे केक आणि फुगे. मी फोन आत्यांच्या पुढे धरला. त्यांनी डोळ्यांशी नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "कुणाचा गं हा वाढदिवस?"

मी म्हटले, "आत्या, तुमचा."

"माझा न्हाई. गुरुजींचा आहे."

आपल्यात इथे एक जूनच्या किती जणी बसल्या आहेत? हात वर करा बघू. (येथे अकरा हात वर झाले.) पाहा! घरटी एक तरी माणूस एक जूनचे आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराला घेऊन बाप शाळेत जायचा, जन्मतारीख कोणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी वय भरेल अशा बेताने एक जून लिहून टाकायचे. आत्यांच्या बाबतीत तर याहून मौज झाली. त्यांचा थोरला भाऊ शाळेत जायला निघाला आणि ही धाकटी त्याच्यामागे रडत गेली. पटावर एक नाव वाढले तर गुरुजींनाही हवेच होते. त्यांनी दोघांनाही एकाच दिवशी दाखल केले आणि दोघांनाही १ जून १९४८ लिहिले. भाऊ-बहीण कागदावर जुळे झाले.

हे सगळे त्या हसत हसत सांगत होत्या. पण माझी मुलगी, बारावीत आहे, तिने विचारले, "मग आज्जी, तुझा खरा वाढदिवस कधी?" आणि त्या एकदम गप्प झाल्या. शहात्तराव्या वर्षात त्यांना हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. मी सव्वीस वर्षे त्या घरात आहे, मीही विचारला नव्हता.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "कोजागिरीची मी. आई सांगायची, चुलीवर दूध ठेवलं होतं, चांद अजून डोईवर आला नव्हता, तवा झाले."

"पण साल कोणते?"

"साल मला काय ठावं? दादा झाला तवा गांधीबाबांना मारलं होतं आणि आमच्या गावचा वाडा जळाला होता. मी त्याच्या मागनं दुसऱ्या कोजागिरीला."

मुलीने वही घेतली. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. आपल्या सातारा भागात वाडे जळाले ते त्याच्या पाठोपाठच्या दिवसांत. म्हणजे मामा फेब्रुवारी १९४८ चे. त्यानंतरची पहिली कोजागिरी १९४८ ची, दुसरी १९४९ ची. तिने फोनमधले पंचांग उघडले (महिने आपले लावून घेतले होते बरे का) आणि मागे मागे जात १९४९ च्या आश्विन पौर्णिमेवर आली. ६ ऑक्टोबर १९४९. चंद्र डोक्यावर आला नव्हता म्हणजे मध्यरात्र व्हायची होती, तेव्हा तारीख सहाच, सात नव्हे.

ती म्हणाली, "आज्जी, ६ ऑक्टोबर. गुरुवार होता."

आत्या पाटावरून अर्ध्या उठल्या. "काय वार म्हणालीस?"

"गुरुवार."

"बेस्तरवार! आई मला बेस्तरवारची पोर म्हणायची. न्हाणं घालताना म्हणायची."

मैत्रिणींनो, मी पंचांग मानते आणि फोनही वापरते, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. शहात्तर वर्षांपूर्वीचा वार एका बाईच्या बोलण्यात राहिला होता, आणि फोनने तो जुळवून दाखवला. मघाशी मी त्याच्या दोन चुका सांगितल्या, म्हणून हेही सांगणे माझे काम आहे.

मग आमचे हे कामावरून आले. त्यांना सांगितले तर ते म्हणाले, "आता कळून उपयोग काय? कागद काही बदलायचा नाही." त्यांचेही बरोबर होते. पण मग जे बोलणे निघाले ते मला माहीत नव्हते. आत्या एका सरकारी दवाखान्यात आया होत्या. कामाला लागताना शाळेचा दाखला दिला, त्यावरची तारीख नोकरीच्या पुस्तकात गेली. चतुर्थ श्रेणीला साठाव्या वर्षी निवृत्ती. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी बसावे लागते. त्यामुळे त्या ३१ मे २००८ ला निवृत्त झाल्या. खऱ्या तारखेने गेल्या असत्या तर ३१ ऑक्टोबर २००९ ला. म्हणजे सतरा महिन्यांचा पगार. त्याच सुमारास आमच्या घराचे वरचे छप्पर पैशांवाचून राहिले होते, ते पुढे चार वर्षे पत्र्याचेच राहिले. पावसात त्या पत्र्याखाली आम्ही दोघी भांडी मांडत होतो, आणि ह्या बाईला तेव्हाही ठाऊक होते की आपल्याला लवकर घरी बसवले आहे.

मी विचारले, "आत्या, तेव्हा बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? म्हणले असते, दाखला खोटा, मग आहे ती पेन्शन बी गेली असती. आणि कोजागिरी, बेस्तरवार, ह्याला कोण पुरावा मानतो?"

मी गुरुजींना दोष देत नाही. त्यांनी नाव पटावर घातले नसते तर ती दोन यत्ताही झाली नसती आणि आयाची नोकरीही लागली नसती. हे आत्यांचे स्वतःचेच म्हणणे आहे. पण सतरा महिने ते सतरा महिने. आमच्या ह्यांनी मात्र त्यातूनही हिशेब काढला. ऐंशी वर्षे पुरी झाली की निवृत्तिवेतन थोडे वाढते. कागदावर आत्या १ जून २०२८ ला ऐंशीच्या होतील, खऱ्या होतील ६ ऑक्टोबर २०२९ ला. म्हणजे वाढ सोळा महिने आधी मिळेल. आत्या म्हणाल्या, "तवर जगले पायजे की!" आणि सगळे हसले.

पण मला त्या रात्री झोप आली नाही, ती दुसऱ्याच गोष्टीने. कोजागिरीला आपण काय करतो? मसाला दूध आटवतो, आणि घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतो. आश्विनी म्हणतात तिला. आत्या दर कोजागिरीला आमच्या ह्यांना पाटावर बसवून ओवाळतात, ते पन्नाशी उलटलेले असले तरी. माहेरी असताना त्यांच्या आईने त्यांच्या थोरल्या भावाला ओवाळले असेल. आत्या दुसऱ्या. म्हणजे आपल्या स्वतःच्या जन्मदिवशी ही बाई आयुष्यभर दुसऱ्याला ओवाळत आली, आणि तिच्या तोंडासमोर एकदाही निरांजन फिरले नाही. त्यातली सव्वीस वर्षे तबक मी लावून दिले होते.

मुलीने वर्षाची कोजागिरी केव्हा ते पाहिले तर ओरडलीच. ६ ऑक्टोबर २०२५! तीच तिथी, तीच तारीख. मला तो चमत्कार वाटला. पण आपले वाचनालय पाहणाऱ्या बाई शाळेत गणित शिकवत असत, त्यांनी मला समजावून दिले. चंद्राची बारा महिन्यांची वर्षे ३५४ दिवसांची, सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दर साल अकरा दिवस तूट पडते, ती भरायला साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक महिना येतो. असे करता करता एकोणीस वर्षांत चंद्राचे २३५ महिने पुरे होतात आणि चंद्र-सूर्य जवळजवळ मूळ जागी येतात. म्हणून दर एकोणिसाव्या वर्षी वाढदिवसाची तिथी आणि तारीख पुन्हा गाठ घेतात, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न आणि शहात्तर. आत्यांना शहात्तर पुरी होत होती. घरी जाऊन तुम्हीही आपले अडतिसावे किंवा सत्तावन्नावे वर्ष पडताळून पाहा. तिथी कधी लहान असते, कधी मोठी. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की तिथी संपते, आणि चंद्राची चाल काही एकसारखी नाही, म्हणून तो एका दिवसाचा फरक पडतो असेही बाई म्हणाल्या. मला अंश वगैरे पुरते कळले नाही, पण एकोणिसाचा पाढा कळला.

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध ठेवले. आधी नेहमीप्रमाणे आत्यांनी आमच्या ह्यांना ओवाळले. मग मी पाट पुसून म्हटले, "आत्या, आता तुम्ही बसा." त्या म्हणाल्या, "अगं, विधवा बाईला कुठं ओवाळतात?" हे मला सुचलेच नव्हते. सासरे जाऊन बारा वर्षे झाली आहेत. क्षणभर तबक हातात तसेच राहिले. शेजारच्या गच्चीवर माणसे होती. आपल्यापैकीच काही होत्या, त्यांना आठवत असेल. तेव्हा आमचे हे, जे एरवी या कशात नसतात, ते म्हणाले, "आईच्या जन्माला नवऱ्याचा काय संबंध? ती जन्मली तेव्हा बाबा होते कुठे?" आत्यांना हसू आले, आणि हसता हसता त्या बसल्या. मुलीने ओवाळले, मग मी ओवाळले. सुपारी, अंगठी फिरवली. त्यांच्या कपाळाला मी काय लावावे हे कळेना, तर त्यांनीच अंगारा पुढे केला. डोक्यावर अक्षता टाकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. नंतर त्या उठल्या आणि काही न बोलता दूध ढवळायला लागल्या, आधीच आटलेले होते तरी.

बाहेर कोणी काही म्हटले असेल तर ते माझ्यापर्यंत आले नाही. आले तरी चालेल. आपल्या मंडळात संक्रांतीचे वाण विधवा भगिनींनाही द्यावे की नाही यावर दर वर्षी कुजबुज होते. यंदा मी ते तबक घेऊन स्वतः फिरले, ते या कोजागिरीमुळे.

आता पुढची अडचण. यंदा, २०२६ साली, ज्येष्ठ महिना अधिक आहे. (जावई असणाऱ्यांनी अनारशाच्या पिठाकडे पाहावे.) त्यामुळे सगळे सण पुढे गेले, आणि कोजागिरी येते २५ ऑक्टोबरला. सहा ऑक्टोबर वेगळा पडला. तिथी धरायची की तारीख, असा आपल्या कार्यकारिणीसारखाच वाद आमच्या घरात सुरू झाला. मुलगी म्हणते तारीख, हे म्हणतात तिथी. शेवटी आत्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "एक जून सोडून दोन्ही करा. शहात्तर वर्षांचं राहिलंय."

मी दोन्ही दिवस फोनमध्ये घातले आहेत. शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या वर, दोन फुल्या मारल्या आहेत, एक मी आणि एक आत्यांनी. तेव्हा ६ ऑक्टोबरला चहाला या आणि २५ ला गच्चीवर दूध प्यायला या. वाट्या आपापल्या आणाव्यात, आमच्याकडे चोवीसच आहेत.